तुमची ऑर्डर, तुमचे पैसे आणि आमची सध्याची ओढाताण
(हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

सध्या आमच्या कामात ओढाताण आहे. ग्लेझला (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला) लागणारा माल आणि वीज, दोन्हींचा खर्च वाढलाय. त्यात भट्टीतल्या तापणाऱ्या तारा जुन्या झाल्यात आणि ऑर्डरी पूर्वीइतक्या येत नाहीत. काम चालू आहे, पण सावकाश. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात खरं, पण या मुठीत तुमची आगाऊ रक्कमही आहे. त्यामुळे ती उघडून दाखवणं भाग आहे.

उशीर कुठे होतो

चाकावर चहाचा मग घडवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो पुढे. आमची स्टोनवेअरची (जास्त तापमानाला भाजून घट्ट होणारी) माती ओली असल्यापासून पक्की भाजली जाईपर्यंत सुमारे १२ टक्के आटते. म्हणजे १० सेंटिमीटर उंचीचा मग हवा असेल तर तो जवळजवळ साडेअकरा सेंटिमीटरचा घडवावा लागतो. आटताना मगाचं अंग आणि त्याचा कान एकाच गतीने सुकले नाहीत, तर जोडावर चीर जाते. म्हणून कान लावलेले मग झाकून, हळूहळू सुकवतो. पंखा लावून हे काम उरकता येत नाही. उरकलं की चीर पडते, आणि बऱ्याचदा ती पहिल्या भाजणीनंतरच नजरेला येते.

पहिली भाजणी साधारण १००० अंश सेल्सियसला होते. त्यानंतर ग्लेझ लावून दुसरी भाजणी, ती १२०० अंशांच्या वर. दोन्ही वेळा ५७३ अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं (गारगोटीच्या खनिजाचं) आकारमान एकदम बदलतं, तापतानाही आणि थंड होतानाही. तिथे घाई केली तर धड दिसणारं भांडं तडकतं. म्हणून भट्टी आपसूक निवेपर्यंत आम्ही दार उघडत नाही, ग्राहकाचा कितीही तगादा असला तरी.

आता तारांचं. वापराने त्या झिजतात, त्यांचा विद्युतरोध वाढतो आणि उष्णता कमी मिळते. मग भट्टी वरच्या तापमानाला पोचायला जास्त वेळ घेते, कधी पोचतच नाही. प्रत्येक भाजणीत आम्ही तपासणीचे शंकू ठेवतो. पुरेशी उष्णता मिळाली की शंकू वाकतो. तो हवा तितका वाकला नाही तर त्या खेपेतलं एकही भांडं पार्सलमध्ये जात नाही, कारण ग्लेझ नीट पिकलं नसेल तर ते भांडं खाण्यापिण्यासाठी भरवशाचं नसतं. नव्या तारा टप्प्याटप्प्याने बसवतोय. तोवर काही खेपा परत भाजाव्या लागतील.

आगाऊ रकमेचं काय होतं

भांडं तुमच्या हातात पडेपर्यंत तुमची आगाऊ रक्कम आमची कमाई नाही, ते आमच्यावरचं देणं आहे. ती वेगळ्या खात्यात ठेवतो आणि माल पोचला की मगच हिशेबात घेतो. त्यातून वीजबिल भरत नाही, तारा घेत नाही, जुन्या ऑर्डरींची मातीही आणत नाही. याचा तोटा तुम्हालाही सोसावा लागतो. हाताशी पैसा कमी असल्यामुळे माती थोडी थोडी येते आणि भट्टी भरायला वेळ लागतो. अर्धी रिकामी भट्टी लावून विजेची फारशी बचत होत नाही, त्यामुळे ती भरेपर्यंत थांबावं लागतं.

याच कारणाने नव्या खास ऑर्डरी सध्या घेत नाही. ‘आत्ता नोंदवा, मोठी सवलत मिळवा’ अशी जाहिरात केली तर चार पैसे लगेच येतील, हे आम्हालाही कळतं. पण त्या पैशातून जुन्या ग्राहकांची भांडी करायची आणि नव्यांसाठी पुन्हा आणखी नव्यांकडे बघायचं, म्हणजे याची टोपी त्याच्या डोक्यावर. असे धंदे बहुधा आधी गप्प होतात आणि मग गायब. तयार माल मात्र विक्रीला आहे. तो आज घ्या, आज पाठवतो.

भेट-कुपनं विकणंही थांबवलंय. कुपन घेणारा खरं तर दुकानाला उधारच देत असतो, आणि दुकान बुडालं तर त्याला दुकानाकडून पैसे येणं असलेल्या इतरांच्या रांगेत, बहुधा मागेच, उभं राहावं लागतं. तुमच्याकडे आमचं कुपन असेल तर ते तयार मालावर आताच वापरून टाका.

आमच्याकडून काय कळेल

दर पंधरा दिवसांनी तुमच्या ऑर्डरीची स्थिती कळवू, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरीही. ‘काही तांत्रिक अडचणींमुळे विलंब होत आहे, सहकार्य करावे’ असला गुळमुळीत निरोप येणार नाही. साधारण असा येईल: ‘तुमचे चारही मग पहिल्या भाजणीतून निघाले. एकाच्या कानाला चीर आहे, तो नव्याने घडवतोय. बाकीचे तीन आत्ता पाठवायचे की चारही एकत्र?’

नक्की तारीख सांगता येत नसेल तर ‘या आठवड्यापासून त्या आठवड्यापर्यंत’ असं सांगू. शेवटचा आठवडाही हुकणार असं दिसलं, तर ते आम्हीच आधी कळवू. तुम्हाला विचारावं लागू नये. माती, ग्लेझ किंवा रंग बदलावा लागला तर तुमच्या होकाराशिवाय बदलणार नाही. स्वस्तातलं ग्लेझ गुपचूप वापरणं सोपं आहे, कारण निम्म्या लोकांना फरक कळतही नाही. म्हणूनच हे इथे लिहून ठेवतोय.

तुम्ही काय करू शकता

थांबा, तयार मालातलं दुसरं काही घ्या किंवा पैसे परत मागा. कारण सांगायची गरज नाही. कळवलेली मुदत आम्ही चुकवली असेल तर पूर्ण रक्कम परत मिळेल, भांड्यावर तुमचं नाव कोरलेलं असलं तरीही. परतावा सात दिवसांत पाठवतो.

कार्डाने पैसे भरले असतील तर माल न मिळाल्याची तक्रार बँकेकडे करता येते, पण तिला मुदत असते. ती किती, हे बँकेला विचारून घ्या आणि आमच्या शब्दावर विसंबून ती टळू देऊ नका. कुठल्या दुकानाने असं सांगणं विचित्र वाटेल, पण तुमचा हक्क आमच्या अडचणीपेक्षा मोठा आहे.

एक विनंती. ‘मदत म्हणून’ काही घेऊ नका. मग आवडला, रोज वापरणार असाल, तर जरूर घ्या. दयेपोटी घेतलेली भांडी कपाटात पडून राहतात, आणि मालाला खरी मागणी किती हे आम्हालाही कळत नाही.

काम बंद करायची वेळ आलीच तर ते आधी कळवू. तेव्हा उरलेल्या ऑर्डरींचे पैसे परत करणं हे पहिलं काम असेल, साहित्य आणि भट्टी विकणं त्यानंतर.

परतावा हवा असेल तर पावतीवरचा ऑर्डर क्रमांक आणि पैसे कशाने भरले होते, एवढंच लिहून पाठवा. रक्कम त्याच मार्गाने परत जाते. कार्डाचा पिन किंवा ओटीपी आम्ही कधीही मागत नाही. आमच्या नावाने कुणी मागितला तर देऊ नका आणि आम्हाला लगेच कळवा.