गोचीड कुत्र्यावर कमी, चिऱ्यात जास्त

कुत्र्याला गोचीड झाले की कोकणात पूर्वी करंजेल चोळत, कोणी सीताफळाच्या बियांची पूड लावत. तेलाने फारसे बिघडत नसे. पूड डोळ्यात गेली तर मात्र बुबुळाला इजा व्हायची.

गोचीड रोगही पसरवतो, हे १८९३ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी गुरांच्या टेक्सास तापावरून सिद्ध केले. १९१० मध्ये पॅटन या संशोधकाला मद्रास हंट या शिकारी क्लबच्या कुत्र्यांच्या रक्तात बॅबेसिया गिब्सोनी हा तांबड्या पेशींत राहणारा परजीवी सापडला. १९३५ मध्ये अल्जेरियात एर्लिकिया हा जीवाणू. आजही ‘गोचीडताप’ म्हणून दोन्ही एकाच खात्यात टाकले जातात आणि घोळ तिथेच होतो. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी चार आठवडे लागते, बॅबेसियाला ती एकटी पुरत नाही. हिरड्या पांढुरक्या, लघवी कोऱ्या चहासारखी दिसली की आधी रक्त तपासा, मग गोळी.

१९८१ मध्ये बाजारात आलेले आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे औषध मुळात गुराढोरांचे. त्याच्या १ टक्का इंजेक्शनात १ मिलीला १० मिलिग्रॅम औषध असते. हृदयकृमी टाळायला १० किलोच्या कुत्र्याला महिन्याला लागते ०.०६ मिलिग्रॅम, जे सिरिंजवर मोजताच येत नाही. गोठ्यातली बाटली कुत्र्याला वापरायची नाही ती म्हणूनच. कोलीसारख्या मेंढपाळी कुत्र्यांच्या जातीत तर जीवावर बेतते.

नव्वदच्या दशकात मानेवर टाकायचे फिप्रोनिल या गोचीडनाशकाचे थेंब आले. ते कातडीच्या तेलातून पसरतात, म्हणून आधी आणि नंतर दोन दिवस आंघोळ नको. जुलैत इतका कोरडा कुत्रा कुठून आणायचा? इथल्या पावसाला २०१४ पासूनची फ्लुरालानेरची गोळी जास्त मानवते. तिचा असर साधारण १२ आठवडे टिकतो, पण गोचीड चावल्यावरच मरतो.

एवढी औषधे येऊनही गोचीड परत का येतात? कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी खाली उतरतो. फुगलेली मादी जांभ्या चिऱ्याच्या भोकात किंवा सांध्यात शिरून दोन ते चार हजार अंडी घालते. पिल्ले भिंतीवर वर चढतात, म्हणून फवारा जोत्यापुरता न ठेवता वाशांपर्यंत मारावा. फवाऱ्याने अंडी सहसा मरत नाहीत. तीनेक आठवड्यांनी दुसरा हात द्यावाच लागतो. मग सांधे सिमेंटने भरून घ्यावेत. डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक फवारले तर भिंत वाळेपर्यंत मांजराला आत घेऊ नये. कुत्र्याचे परमेथ्रिनचे थेंब तर मांजराला कधीच लावू नयेत, त्याने मांजर मरते.