हिरड्या ते आतडं: एका बदनाम कल्पनेचा प्रवास

हिरड्यांतून रक्त आलं की दाताचा डॉक्टर, पोट बिघडलं की पोटाचा. ही वाटणी आपल्याला स्वाभाविक वाटते. शंभर वर्षांपूर्वी मात्र निम्म्या दुखण्यांचं खापर दातांवर फुटत होतं.

तोंडातले जंतू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूक या भिंगं घडवणाऱ्या माणसाने, 1683 मध्ये. दातांच्या फटीतलं पांढरं किटण पाण्यात कालवून भिंगाखाली धरलं, तर त्यात जीव वळवळताना दिसले. आणि हा गडी रोज मिठाने दात घासणारा! पुढे 1891 मध्ये बर्लिनमधला अमेरिकन दंतवैद्य मिलर याने तोंड हे अंगभर रोग पसरवणारं ठाणं असल्याचं मांडलं. 1900 मध्ये लंडनच्या विल्यम हंटरने जठराची सूजही कुजक्या दातांच्या माथी मारली.

मग अतिरेक झाला. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात हेन्री कॉटनने वेड बरं करायचं म्हणून रुग्णांचे दात उपटले. गुण नाही आला, तर टॉन्सिल. तरीही नाही, तर थेट मोठं आतडं कापलं. त्या शस्त्रक्रियेत कित्येक दगावले. त्याने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते, म्हणजे माणूस लबाड नव्हता. खात्री पटलेला होता, आणि ते जास्त भयंकर. 1940 च्या सुमारास पुरावे तपासल्यावर ही सगळी विचारसरणी मोडीत निघाली, आणि तिच्याबरोबर तोंडातले जंतू शरीरात इतरत्र रोग करतात का, हा मूळ प्रश्नही.

तो परतला जनुकीय तपासणीमुळे. 2012 मध्ये व्हँकुव्हर आणि बोस्टनच्या दोन गटांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत फ्युजोबॅक्टेरियम सापडला. हा मुळात हिरड्यांच्या कडेला राहणारा जंतू. 2020 मध्ये मिशिगन विद्यापीठात उंदरांच्या दाढांभोवती दोरा बांधून हिरड्या सुजवल्या. तोंडात माजलेले क्लेबसिएला नावाचे जंतू गिळले जाऊन आतड्यात पोचले, शिवाय हिरड्यांत चिथावलेल्या रोगप्रतिकारक पेशीही तिकडे गेल्या. आतड्याची सूज वाढली. पण ज्यांचं आतडं आधीच सुजलेलं होतं, त्यांचीच. निरोगी आतड्यातल्या मूळ रहिवासी जंतूंनी या पाहुण्यांना बूड टेकू दिलं नाही.

आपण रोज साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो. त्यातले बहुतेक जंतू जठरातल्या आम्लातच मरतात. उरलेल्यांचं माणसाच्या आतड्यात नेमकं काय होतं, यावर काम चालू आहे. दात मात्र कुणी उपटत नाही.