कॉल ड्यूटीवरची देखरेख: नव्या रेसिडेंटनं काय मागायचं, काय लिहून ठेवायचं

एमडी-एमएसला जॉइन झालात की आठवड्याभरात ड्यूटी लिस्टवर नाव लागतं. आपली इमर्जन्सी ड्यूटी कधी, हे सगळेच बघतात. त्या रात्री आपल्या वर कोण, हेही बघा. एसआर (सीनियर रेसिडेंट) आणि लेक्चरर यांची नावं व नंबर लिस्टवर नसतील तर ते युनिट हेडकडून लिहून घ्या.

हे लागू कुणाला? नीट-पीजीतून प्रवेश घेतलेल्या, मेडिकल कौन्सिलची नोंदणी असलेल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला. कोल्हापुरात राजर्षी शाहू शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सीपीआर रुग्णालयात असा की खासगी अभिमत विद्यापीठात, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे नियम दोघांनाही तेच.

या नियमांत कामाचे तास 'रास्त' असावेत एवढंच आहे, आकडा नाही. आकडा सापडतो केंद्र सरकारच्या १९९२ च्या निर्देशात: सलग जास्तीत जास्त १२ तास, आठवड्याला साधारण ४८. पण तिथंच पुढं 'कामाचा भार आणि डॉक्टरांची उपलब्धता पाहून' तास बदलण्याची मुभाही दिली आहे. छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या याच फटीतून आत येतात. रजेचं मात्र स्पष्ट आहे: वर्षाला किमान २० दिवस पगारी, शिवाय ५ दिवस शैक्षणिक. आठवडी सुट्टी कामाच्या निकडीवर अवलंबून. हजेरी ८० टक्के लागते.

आता मुख्य गोष्ट, केसपेपर. जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनिअर रेसिडेंट असताना (हॉस्पिटलचं नाव राहू दे) रात्री लेक्चररना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं केलं, आणि सकाळी राउंडला ऐकलं, "मला कुणी कळवलंच नाही." पेपरवर माझी एक ओळही नव्हती. तेव्हापासून मी असं लिहितो:

"रात्री २.४०. मण्यार दंशाचा संशय, पापण्या जड, आवाज घोगरा. एसआरना फोनवर कळवलं. सल्ला: सर्पविषावरचं प्रतिविष (एएसव्ही) चालू ठेवणे, श्वासावर लक्ष, इंट्युबेशनची (श्वासनलिकेत ट्यूब टाकण्याची) तयारी. २.५५ ला एसआर स्वतः हजर."

वेळ, कुणाला कळवलं, काय सांगितलं, कधी आले. फोन उचलला नाही तर तेही वेळेसकट, आणि पुढचा फोन त्यांच्या वरच्यांना. 'सरांना झोपेतून उठवायचं कसं' हा संकोच पहिल्या महिन्यातच सोडा. मण्यारीचं विष तुमच्या संकोचासाठी थांबत नाही.

तीच केस लॉगबुकात, म्हणजे आपल्या कामाच्या नोंदवहीत, चढवताना नुसती पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली की स्वतंत्रपणे केली, हे खरं लिहा. एसआर शेजारी उभे असताना टाकलेली ट्यूब 'स्वतंत्र' म्हणून दाखवली तर उद्या एकट्याला टाकायला सांगतील. सही महिनाअखेरीला गठ्ठ्यानं घेऊ नका. तोवर कुणालाच काही आठवत नसतं.

जवळ एक फाइल ठेवा: प्रवेशाचं पत्र, नोंदणी प्रमाणपत्र, दर महिन्याच्या ड्यूटी लिस्टचा फोटो, रजेचे अर्ज. लिस्ट अर्ध्यात बदलली तर बदललेलीचाही फोटो.

वरचं कुणी वारंवार येतच नसेल तर आधी युनिट हेड, मग विभागप्रमुख, मग अधिष्ठाता. अर्जात तारखा आणि वेळा लिहा, विशेषणं नकोत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्रास रॅगिंगच्या वळणाचा असेल तर ही पायरी-पायरी नको. थेट अँटी-रॅगिंग समिती, किंवा १८००-१८०-५५२२.

शासकीय महाविद्यालयात जुन्या ड्यूटी लिस्ट माहिती अधिकारातही मागता येतात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच, उत्तराची मुदत ३० दिवस. पेशंटचे केसपेपर त्यात मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. विभाग, महिना आणि 'ड्यूटी लिस्टची प्रत', एवढंच लिहा.