घड्याळ आणि टेलिस्क्रीन: छातीतले ठोके दोघांनाही कळतात, मग फरक कुठे?

पुण्यात एआरएआय टेकडीवर सकाळी कुणाच्या हातात स्मार्टवॉच दिसलं की सोबतचं कुणीतरी हमखास म्हणतं, अरे हा तर बिग ब्रदर बांधून फिरतोय (बिग ब्रदर म्हणजे जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' कादंबरीतला, सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा). मला हे खटकतं, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या की नेमकं कशाला घाबरायचं तेच सुटून जातं.

आता सारखेपणा आहेच, आणि तो अंगावर येतो. '१९८४' मधे (कादंबरी १९४९ ची) नायक विन्स्टन टेलिस्क्रीनसमोर, म्हणजे सरकारने घरात लावलेल्या, दाखवणाऱ्या आणि बघणाऱ्याही पडद्यासमोर, सकाळचा व्यायाम करतो, नीट वाकत नाही तर पडद्यावरची बाई त्याचा नंबर घेऊन ओरडते की अजून खाली वाक. पुढे एकदा त्याच्या मनात येतं की चेहरा कोरा ठेवता येईल, श्वासही आवरता येईल, पण छातीतली धडधड कशी लपवणार, ती टेलिस्क्रीनला ऐकू जाते. आपलं घड्याळ काय करतं? मागचा हिरवा लाईट कातडीतून आत जातो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा उजेड थोडा कमीजास्त होतो, त्यावरून ठोके मोजतात. वर तासभर बसलात की उठा, चाला.

पण विन्स्टनला टेलिस्क्रीन बंद करता येत नाही, फक्त आवाज कमी होतो, आणि तो कुणाचा आहे हे त्याला पक्कं माहितीये. घड्याळ आपण पैसे देऊन घेतो, काढूनही ठेवतो. इथे बहुतेकवेळा समोर कुणी बघत बसलेलं नसतं, सगळं नुसतं साठत जातं आणि त्यातून काय बाहेर येईल ते नंतर कळतं. स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपने २०१७ मधे जगभरच्या धावण्याचा नकाशा टाकला, जानेवारी २०१८ मधे लोकांच्या लक्षात आलं की अफगाणिस्तान, सीरियातले लष्करी तळ त्यात उजळलेत, कारण तिथले सैनिक फिटनेस बँड घालून पळायचे. हेरगिरी कुणी केलीच नव्हती! तुमचा पौड रोडचा रन पब्लिक असेल तर रेष रोज ज्या गेटपासून निघते ती तुमची सोसायटी, हे कुणालाही दिसतं. सेटिंगमधे सुरुवात-शेवट लपवायची सोय आहे, आजच करा.

टेलिस्क्रीनच्या खरं जवळ जातं ते दुसरंच घड्याळ. नागपूर, चंदीगडमधे सफाई कामगारांना महापालिकेने जीपीएस घड्याळं घालायला लावली, कोण कुठे आहे ते वरच्यांना दिसायचं. कामगाराने ते निवडलं नव्हतं, आणि काढलं तर प्रश्न थेट रोजीरोटीचा. हिंजवडीत एखाद्या कंपनीने फुकट बँड वाटला, स्टेप्सचं चॅलेंज लावलं तर मी आधी हेच विचारीन की नाही घातला तर काय होईल, आणि डेटा मॅनेजरला दिसतो का.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं असं लिहिलंय, हे चांगलंच आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मधे नोकरीच्या कारणांसाठी संमतीशिवायही डेटा वापरायची मुभा आहे, म्हणजे ज्याला घड्याळ काढून ठेवणं सगळ्यात अवघड त्याचीच संमती विचारायची गरज नाही, आणि मला राग येतो तो याचा.