हद्दीबाहेरची आग: ग्रामीण अग्निशमन केंद्रांच्या निधीची पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील अग्निशमन सेवेचा इतिहास बहुधा 14 एप्रिल 1944 च्या मुंबई गोदीतील स्फोटापासून सांगितला जातो. तालुक्याच्या गावचा बंब आज जागचा का हलत नाही याचे उत्तर मात्र गोदीत नव्हे, तर कायद्यातील एका शब्दात आहे.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत, म्हणजे पंचायतीच्या कामांच्या यादीत, पंचायतीकडे आग विझविण्याच्या कामी ‘साहाय्य’ करणे एवढेच सोपविलेले आहे, तर 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने आग विझविणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले. साहाय्य करायचे ते नेमके कोणाला, म्हणजे गावातील आग विझविण्याची मूळ जबाबदारी कोणाची, हे ग्रामसूची सांगत नाही. घटनादुरुस्तीच्या वेळी ही संदिग्धता दूर करता आली असती, पण ती अधिकच पक्की झाली: 74 व्या दुरुस्तीने आलेल्या, नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत अग्निशमन सेवा आहे, 73 व्या दुरुस्तीने आलेल्या, पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांत ती नाही. दोन-तीन हजार वस्तीच्या पंचायतीला बंब पोसणे झेपणार नाही, हा या मौनाच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद खोटा नाही. मात्र त्यातून जबाबदारी वरच्या पातळीवर जायला हवी होती. गोव्याने 1986 च्या कायद्याने राज्यस्तरीय दल उभारले, केरळातही सेवा राज्याकडेच आहे. महाराष्ट्रात ती स्थानिक संस्थांकडे राहिली. त्यामुळे खेड्यातील उसाच्या फडाला आग लागली, की जवळच्या नगरपरिषदेचा, औद्योगिक वसाहतीचा किंवा साखर कारखान्याचा बंब मागवायचा, आणि अनेक ठिकाणी हद्दीबाहेरच्या फेरीचे शुल्क भरायचे, ही रीत पडली.

निधीची ओढाताण याच रचनेतून आली. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली आणि त्या शासनाच्या अनुदानावर विसंबू लागल्या. 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने अग्निशमन सेवा शुल्काची तरतूद केली खरी, पण ते इमारतींवर आहे; जिथे मोठी बांधकामेच नाहीत, तिथे त्यातून मिळणार काय? 2014 नंतर तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर झाले. ‘साहाय्य’ करणाऱ्या संस्था एका अधिसूचनेने ‘विझविणाऱ्या’ झाल्या, उत्पन्न मात्र जवळपास पूर्वीचेच राहिले. त्यातच आस्थापना (म्हणजे पगार-भत्त्यांच्या) खर्चावरील 35 टक्क्यांची मर्यादा आणि आकृतिबंधाची, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याची, मंजुरी यांत फायरमन व चालकांची पदे अडकतात. केंद्र बंद करण्याचा आदेश सहसा कोणी काढत नाही, तशी गरजही भासत नाही. कंत्राटी चालकाची मुदत संपली आणि ती वाढवून मिळाली नाही, की बंब शेडमध्ये उभा राहतो आणि कागदावर केंद्र चालूच असते.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या 5,000 कोटी रुपयांच्या केंद्रीय योजनेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. ईशान्येकडील व हिमालयीन राज्ये वगळता इतर राज्यांनी खर्चाचा 25 टक्के वाटा उचलायचा असून एकूण रकमेपैकी 500 कोटी रुपये कायदेविषयक व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले आहेत. योजनेचा उद्देश सेवेचा विस्तार व आधुनिकीकरण हा आहे, पगार भागविणे हा नव्हे. नव्या बंबावर बसणाऱ्या चालकाचा महिन्याचा पगार ज्या नगरपंचायतीला आधीपासूनच जड जात होता, तिच्याच अंदाजपत्रकात तो पुन्हा येतो.