विवरणपत्र १३ : केंद्राच्या जेंडर बजेटची पार्श्वभूमी

बजेटच्या दिवशी सगळ्यांचं लक्ष इन्कम टॅक्सच्या स्लॅबकडे असतं. त्याच गठ्ठ्यातल्या ‘विवरणपत्र १३’ची चर्चा फारशी होत नाही. केंद्र सरकारचं जेंडर बजेट ते हेच. नाव ऐकून बायकांसाठी वेगळी तिजोरी असेल असं वाटतं, पण तसं काही नाही. सरकारच्या एकूण खर्चातला किती पैसा स्त्रियांच्या वाट्याला जातो, याची ती वेगळी काढलेली मोजदाद आहे.

मोजायची ही सवय नियोजन आयोगाच्या काळातली. सातव्या पंचवार्षिक योजनेत (१९८५-९०) स्त्रियांना थेट लाभ देणाऱ्या २७ योजनांवर नजर ठेवायला सुरुवात झाली. नवव्या योजनेत (१९९७-२००२) ‘महिला घटक योजना’ आली आणि महिलांशी संबंधित खात्यांनी किमान ३० टक्के निधी किंवा लाभ त्यांच्यापर्यंत पोचवावा असं ठरलं. हा ३० चा आकडा पुढे पुन्हा भेटतो.

बाहेरच्या देशांत ऑस्ट्रेलियाने १९८४ मध्येच असं विवरण काढलं होतं. वर्णभेद संपल्यावर दक्षिण आफ्रिकेतही १९९५ मध्ये हे काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी बीजिंगला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक महिला परिषदेने ते सगळ्याच सरकारांच्या कानावर घातलं. आपल्याकडे सरकारी खर्चाच्या वर्गीकरणाचा विचार करण्यासाठी अर्थतज्ज्ञ अशोक लाहिरी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला गेला. त्याच्या शिफारशींनंतर, २००५-०६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी पहिलं विवरणपत्र जोडलं : खात्यांच्या १० अनुदान मागण्या, १४,३७९ कोटी रुपये. म्हणजे एकूण खर्चाच्या जेमतेम २.८ टक्के. मार्च २००७ मध्ये मंत्रालयांतल्या जेंडर बजेट कक्षांनी काय काम करायचं, हे अर्थ मंत्रालयाने लेखी ठरवून दिलं.

विवरणपत्राची रचना साधी आहे. ‘अ’ भागात १०० टक्के स्त्रियांसाठीच्या योजना, ‘ब’ भागात ३० ते ९९ टक्क्यांच्या. तोच जुना ३०! त्याखालच्यांना कित्येक वर्षं जागाच नव्हती. २०२४-२५ पासून त्यांच्यासाठी ‘क’ भाग आला.

खरी गंमत आकडा कुठल्या रकान्यात पडतो यात आहे. ग्रामीण घरकुल योजना वर्षानुवर्षं ‘अ’ भागात, म्हणजे अख्खी रक्कम बायकांच्या नावे. नियमानुसार घर बाईच्या किंवा नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर होतं, हे खरं. पण त्या घरात सासरा, दीर, मुलगेही राहतातच. मग विटा, सिमेंट आणि पत्र्याचा सगळा खर्च तिच्या एकटीच्या खात्यात कसा? उलट मनरेगात, म्हणजे केंद्राच्या ग्रामीण रोजगार योजनेत, कायद्याने एक तृतीयांश लाभार्थी स्त्रिया हव्या होत्या, प्रत्यक्षात कामाचे निम्म्याहून जास्त दिवस त्याच भरत आल्या. म्हणजे कायद्यातला वाटा धरून मोजलं, तर त्यांचा हिस्सा कमीच दिसणार. (या कायद्याचं मूळ आपल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीत. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बाया मोजायला तेव्हा कुठलं विवरणपत्र नव्हतं.)

हीच अडचण बेरजेतही दिसते. २०२४-२५ मध्ये जेंडर बजेट ३.२७ लाख कोटींचं होतं, २०२५-२६ मध्ये ते ४.४९ लाख कोटींवर, एकूण अर्थसंकल्पाच्या ८.८६ टक्क्यांवर गेलं. त्याच वर्षी अन्न व सार्वजनिक वितरण, रेल्वे, बंदरं असे १२ विभाग यादीत नव्याने आले. रेशनचं धान्य त्या आधीही घरात येतच होतं, फक्त या तक्त्यात त्याची नोंद नव्हती. त्यामुळे आकडा फुगला तेवढा खर्च वाढला, असा हिशेब मांडता येत नाही.

शिवाय हे विवरणपत्र फक्त खर्चाचं. सरकार कर गोळा करतं त्याचा बायकांवर काय भार पडतो, हे त्यात कुठेच नाही. इन्कम टॅक्समध्ये स्त्रियांना पुरुषांपेक्षा थोडी जास्त मर्यादा मिळायची, ती २०१२-१३ पासून गेली. विवरणपत्रात त्याने एका रुपयाचाही फरक पडला नाही, कारण तो रकानाच नव्हता.