वाचून घेणं आणि सोबत वाचणं

रात्रीची जेवणं आटोपली की आई किंवा बाबा मुलाला जवळ घेऊन पुस्तक उघडतात. वरवर पाहता सगळ्या घरांत हेच चाललेलं असतं. पण नीट कान दिला तर कळतं, की काही घरांत मुलाकडून वाचून घेतलं जातंय आणि काही घरांत मुलासोबत वाचलं जातंय. दोन्हींना आपण ‘मुलांबरोबर वाचतो’ असंच म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो.

माझी मुलगी पहिलीत असताना माझाही झाला. ओळ होती, ‘म्हातारीने दार उघडले.’ माझं बोट शब्दाखाली. ती म्हणाली, “म... ह...” मी म्हटलं, “म्ह! पुढे?” ती पुस्तकाकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, बरोबर की चूक ते तिथे दिसत होतं ना! पान संपल्यावर विचारलं, दार कुणासाठी उघडलं गं? तिला सांगता येईना. सगळी ताकद जोडाक्षरं फोडण्यातच गेली होती.

याला वाचून घेणं म्हणतात, आणि ते वाईट मुळीच नाही. अक्षरं, काना-मात्रा, रफार, जोडाक्षरं डोळ्यांत बसायची तर सराव हवाच. मात्र त्यातून मिळतं ते लिपीवरचं प्रभुत्व. गफ आणि टन्मर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचून कळणं म्हणजे लिपी उलगडता येणं गुणिले भाषा कळणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. वाचून घेणं पहिल्या बाजूला खतपाणी घालतं; सोबत वाचणं, म्हणजे आपण गोष्ट वाचत मुलाशी तिच्याबद्दल गप्पा मारणं, दुसऱ्या बाजूला.

कॅनडात सेनेशाल आणि लफेव्हर यांनी 168 मुलांचा पाच वर्षं माग ठेवला. निष्कर्ष 2002 मध्ये आले. आईवडील अक्षरं-शब्द शिकवत होते, त्याचा संबंध अक्षरओळखीसारख्या सुरुवातीच्या कौशल्यांशी दिसला. घरात गोष्टींची पुस्तकं वाचली जात होती, त्याचा संबंध शब्दसंग्रहाशी आणि ऐकून समजण्याशी. मुलं तिसरीत पोचली तेव्हा त्यांच्या वाचनात दोन्ही धागे येऊन मिळाले होते. म्हणजे एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

मराठीत तर याला आणखी एक कारण आहे. ‘चंद्र’ आणि ‘चांदोबा’ लिहिताना च एकच, पण उच्चार दोन. लिपी हा फरक दाखवत नाही. तो कानातूनच यावा लागतो. ज्या मुलाने ‘चांदोबा’ शंभरदा ऐकलाय, ते अर्धा शब्द वाचूनच बरोबर उच्चारतं. शिवाय पुस्तकात बोलण्यापेक्षा वेगळे शब्द येतात. हेज आणि अहरेन्स यांनी 1988 मध्ये इंग्रजीत मोजलं: शिकलेल्या मोठ्या माणसांच्या आपसातल्या गप्पांत हजार शब्दांमागे सुमारे 17 दुर्मीळ शब्द, तर मुलांच्या पुस्तकांत सुमारे 31. आपणही घरात दिवसभर ‘आवर, चल, जेव, उठ’ एवढ्यावरच असतो. ‘घनदाट’, ‘हिरमुसला’, ‘दबकत दबकत’ हे मुलाला पुस्तकातच भेटणार.

आपण दोन्हींपैकी काय करतोय हे ओळखायला मी एकच गोष्ट बघते: मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आधीच माहीत आहे का? “हे कुठलं अक्षर?” याचं माहीत असतं. “हा कुत्रा असा कोपऱ्यात का बसला असेल?” याचं नसतं. अमेरिकेत व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना असेच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायला शिकवलं. महिन्याभरातच ही मुलं बोलून व्यक्त होण्यात, नुसतं वाचून दाखवलेल्या मुलांच्या काही महिने पुढे गेली. भर घालणं म्हणजे फार काही नाही. मूल म्हणालं “कुत्रा!”, की आपण म्हणायचं, “हो, ओलाचिंब कुत्रा. कशानं भिजला?” आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं.

आमच्या घरी आता दोन्ही वेगवेगळ्या वेळी होतं. संध्याकाळी दहा मिनिटं वाचून घेणं: सोपा मजकूर, अडली तर थोडं थांबायचं, तरी नाही आलं तर शब्द सांगून पुढे जायचं. रात्री सोबत वाचणं. तेव्हा चुका काढायच्या नाहीत. दिवसात एकालाच वेळ असेल तर मी रात्रीचं निवडते, कारण सराव शाळेतही होतो. मूल स्वतः वाचू लागलं म्हणून रात्रीचं बंद करण्याची घाईही नको. सुरुवातीच्या इयत्तांत मुलाला ऐकून जे समजतं, ते त्याला स्वतः वाचून समजतं त्याच्या कितीतरी पुढचं असतं.

पुस्तकं महाग वाटत असतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत. आणि सोबत वाचायला वाचता यावं लागतंच असंही नाही. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. एकदा नातीच्या पुस्तकात बैलगाडीचं चित्र निघालं. गोष्टीत शब्द होता ‘चाक’, बस्स. त्यांनी बोटाने दाखवलं: हा तुंबा, हे आरे, ही वरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव, ती निघाली की गाडी घेऊन लोहाराकडं जायचं. त्यावर नातीचे पाच-सहा प्रश्न. दुसऱ्या दिवशी तेच पान माझ्यापुढे धरून तिने मला विचारलं, “आई, यातली धाव कुठली, सांग बरं?”